ओझर ते सोनेगाव

नाशिकचा ओझर विमानतळ ते नागपूरचा सोनेगाव विमानतळ हे अंतर सरळ रेषेत सुमारे ५४५ किलोमीटर भरते. वैमानिक सागरी मैलांत मोजतात, त्यांच्या हिशेबात ते २९५ मैलांच्या आसपास. आगगाडी नाशिक रोडपासून नागपूरपर्यंत साडेसहाशे किलोमीटर धावते, कारण तिला मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशी गावे धरत जायचे असते. हे सगळे आकडे कुठेही सापडतात. लासलगावच्या माणसाचे मात्र यातल्या कोणत्याच आकड्यावर भागत नाही. नागपूर पूर्वेला आणि ओझर पश्चिमेला. पूर्वेला जायचे तर आधी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर उलटे जायचे, आणि तिथून विमानात बसून पुन्हा आपल्याच गावाच्या बाजूने पुढे निघायचे.

२०२४ च्या मे महिन्यात मी हा प्रवास केला. नागपूरला माझी थोरली बहीण दिली आहे. भाचीचा साखरपुडा ठरला होता आणि शाळेला सुट्टी लागली होती. एरवी आम्ही मनमाडहून रात्रीच्या गाडीने जातो. झोपून गेले की सकाळी नागपूर. या वेळी विमानाने जायचे मी मनाशी पक्के केले होते. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने ओझरहून गोवा, अहमदाबाद आणि नागपूर अशी उड्डाणे सुरू केली, तेव्हापासून गावात त्याची चर्चा होती. कोणी म्हणे तासाभरात पोचवते, कोणी म्हणे दीड तास लागतो, कोणी म्हणे सगळा दिवस जातोच. मला ते घड्याळ लावून पाहायचे होते.

ताईसाठी कांदा न्यायचा हे ओघाने आलेच. उन्हाळ कांदा नुकताच चाळीत भरला होता. त्यातला मध्यम, एकसारखा, पत्ती घट्ट बसलेला असा दहा-बारा किलो निवडून काढला. जाळीच्या गोणीत नेला तर सामानाच्या पट्ट्यावर फाटेल, म्हणून मजबूत खोक्यात भरला, भोवती सुतळी आवळली आणि हवा खेळावी म्हणून बाजूंना भोके पाडली. ते दिवस कांद्यासाठी सोपे नव्हते. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी होती. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क लावून. २० मे रोजी नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही मतदारसंघांत लोकसभेचे मतदान होते. पारावर, लिलावात, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता.

सकाळी निघालो तेव्हा बाजार समितीकडे ट्रॅक्टरांची रांग लागली होती. १९४७ साली सुरू झालेली ही बाजारपेठ आमच्या गावाची ओळख आहे, आणि देशात कांद्याचा भाव काढताना लासलगावचा भाव आधी विचारला जातो. इथला माल जातो तो ट्रकने आणि रेल्वेने. क्विंटलमागे जे काही सुटते त्यात विमानाचे भाडे बसत नाही, कधी बसणारही नाही. पण गावाचा विमानाशी संबंध नाही असे मात्र नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर गॅमा किरण सोडायचे, हा मूळ विचार. त्याचा मोठा उपयोग झाला तो आंब्याला. २००७ मध्ये भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेला जाऊ लागला, त्या वेळी फळातली कीड मारण्यासाठी तो आधी लासलगावला यायचा, इथून विकिरण होऊन मुंबईला जायचा आणि मग विमानाने समुद्रापार. कोकणातला हापूस आमच्या गावात काही तास थांबून अमेरिकेला जातो आणि आमचा कांदा ट्रकवर ताडपत्री ओढून निघतो, याचे मला लहानपणापासून नाही, पण शिकवायला लागल्यापासून कुतूहल वाटत आले आहे. मुलांना मी वाहतुकीचा धडा याच उदाहरणाने शिकवतो: माल किती किमती, किती नाशवंत आणि किती जड, यावर तो कशाने जाणार ते ठरते.

ओझरला जायला दोन वाटा. एक विंचूर, निफाडवरून. दुसरी सरळ पिंपळगाव बसवंतला जाऊन आग्रा रोडला लागायची. आम्ही दुसरी धरली. द्राक्षबागांची खरड छाटणी होऊन नवी फूट आली होती, वेलींखाली सावली धरायला लागली होती. पिंपळगावला टोमॅटो आणि कांद्याच्या गाड्या ओलांडून महामार्गावर आलो की रस्ता मोकळा. विमानतळाकडे वळायचे ते दहाव्या मैलावर. नाशिकपासून दहा मैल म्हणून दहावा मैल. किलोमीटर येऊन साठ वर्षे उलटली तरी एसटीचा कंडक्टर अजून तेच नाव पुकारतो.

घरून निघून विमानतळाच्या दारात पाय ठेवेपर्यंत सव्वा तास गेला. वाटेत एक ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली, एवढाच खोळंबा.

ओझरला विमानतळ का आहे, हे आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावे लागत नाही. १९६२ च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, आणि १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला. निफाड, दिंडोरी, चांदवड तालुक्यांतल्या कितीतरी घरांत एचएएलचा पगार आला आणि त्या पगारावर मुले शिकली, विहिरी बांधल्या गेल्या. माझ्या लहानपणी खळ्यावर कांदा निवडताना एकाएकी आभाळ फाटल्यासारखा आवाज व्हायचा. वर बघेपर्यंत विमान निघून गेलेले असायचे, मागे फक्त गडगडाट. म्हातारी माणसे मान वर न करता म्हणायची, ‘मिग गेलं.’ पुढे सुखोई आली. १७ ऑक्टोबर २०२५ ला याच धावपट्टीवरून नाशिकला तयार झालेले पहिले तेजस मार्क १ए उडाले, त्याच्या तीनच आठवडे आधी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले होते.

धावपट्टी म्हणजे लढाऊ विमानांसाठी बांधलेली, तीन किलोमीटर लांब. प्रवाशांसाठीचे टर्मिनल तिथे आले २०१४ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. त्यानंतरही बराच काळ इमारत होती आणि विमान नव्हते. ‘उडान’ योजनेतून पुणे, हैदराबाद, अहमदाबाद अशी नावे आली. २०२१ मध्ये बेळगावचे विमान सुरू झाले. काही सेवा टिकल्या, काही बंद पडल्या. बेळगाव ओझरपासून सरळ रेषेत पावणेपाचशे किलोमीटर. रस्त्याने तोच पल्ला पुणे, सातारा, कोल्हापूर करत रात्रभराचा होतो. कागदावर मार्ग जाहीर होणे आणि आठवड्यामागून आठवडा विमान वेळेवर येत राहणे, या दोन गोष्टींमधले अंतर आमच्या लोकांनी चांगलेच अनुभवले आहे. म्हणून आजही लासलगावात कोणी विमानाचे तिकीट काढले की पहिला प्रश्न येतो, ‘चालू आहे ना पण?’

काउंटरवरच्या मुलीने खोके वजनकाट्यावर ठेवायला सांगितले. काट्यावर बारा किलोच्या थोडा वर आकडा आला. पंधरा किलोपर्यंत चालते.

‘काका, यात काय आहे?’

‘कांदा.’

‘लासलगावचा?’

‘हो.’

तिने खोक्यावर चिठ्ठी चिकटवली, एक आडवी पट्टी जास्तीची मारली आणि म्हणाली, ‘माझं माहेर चांदवड.’ मग खोके हातानेच नीट पट्ट्यावर ठेवले. कांदा कसा उचलायचा हे तिला शिकवावे लागले नाही.

विमान एटीआर-७२ होते. फ्रान्सच्या तुलूझ शहरात बनणारे, दोन पंखे असलेले, पंख छताला जोडलेले. त्यामुळे कुठल्याही खिडकीतून खाली दिसते. अठ्ठ्याहत्तर आसने, दोन इकडे दोन तिकडे. चढायचे मागच्या दाराने, दारालाच पायऱ्या. सामानाचा मोठा कप्पा पुढे, वैमानिकाच्या खोलीच्या मागे. या विमानाला पुष्कळ लोक नाके मुरडतात, आवाज करते म्हणतात. मला ते आपल्या भागासाठी नेमके योग्य वाटते. जेट ताशी आठशे किलोमीटरने जाते, हे पाचशेने. पण साडेपाचशे किलोमीटरच्या पल्ल्यात जेटला वर चढायला आणि खाली उतरायलाच निम्मा वेळ जातो. वाचतात ती फार तर वीस मिनिटे, आणि त्यासाठी इंधन कितीतरी जास्त जळते. लहान गावांना जोडायचे तर असेच विमान हवे, जे सत्तर माणसांवर परवडते.

आता वेळेचे. अंतराला वेगाने भागले तर एक तास पाच मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास लिहिलेले असते. लोकांना ही लबाडी वाटते, पण ती तशी नाही. विमान कंपनी वेळ धरते ती जागेवरून चाके हलल्यापासून दुसऱ्या गावी चाके थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, परवानगीसाठी थांबणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वळसा, तिकडे पुन्हा रांगणे, हे सगळे त्यात येते. शिवाय वारा. पश्चिमेचा वारा पाठीशी असला की नागपूरला जाताना मिनिटे वाचतात, येताना तीच मिनिटे परत द्यावी लागतात.

त्या दिवशीही वारा पश्चिमेचाच होता. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते, म्हणून नागपूरचे विमान नाशिककडे तोंड करून धावले, उठले आणि मग वळसा घेऊन पूर्वेकडे फिरले. मी उजवीकडच्या खिडकीशी होतो. आधी गोदावरीचे पात्र दिसले, मग नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयाचा फिकट पट्टा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे पाणी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. हिवाळ्यात तिथे हिमालयापलीकडून पक्षी येतात. मे महिन्यात मात्र कडेचा गाळ उघडा पडलेला होता.

आणि मग शेततळी. जमिनीवरून एखादे दिसते, वरून शेकडो दिसतात. काळ्या किंवा निळ्या प्लास्टिकचे चौकोन, काहींत पाणी तळाशी, काही कोरडे ठणठणीत, एखादे काठोकाठ भरलेले आणि उन्हात पत्र्यासारखे लखलखणारे. कोणाच्या रानात किती पाणी उरले आहे याचा हिशेबच खाली मांडून ठेवला होता. पूर्वेला जावे तसे भरलेले चौकोन कमी होत गेले. २०२३ चा पावसाळा आमच्याकडे हुलकावणी देऊन गेला होता. चांदवड, येवल्याकडे टँकर चालू होते. वर्तमानपत्रात ते वाचणे वेगळे आणि वरून तालुक्यामागून तालुका तसा पाहणे वेगळे. माझ्या पोटात गलबलले.

लासलगाव आले ते उजव्या हाताला, थोडे मागे तिरपे. रुळांची रेघ मनमाडकडे वर सरकत होती, तिच्यावरून मी गाव ओळखले. बाजार आवाराचे लांबच लांब पत्रे, स्टेशन, आणि कडेने कांदाचाळींच्या बारीक पट्ट्या. उड्डाणापासून दहा मिनिटेही झाली नव्हती. सकाळी जे अंतर कापायला सव्वा तास लागला होता ते असे खालून निघून गेले. ओझर ते नागपूर ही रेघ नकाशावर ओढली तर ती लासलगाव आणि मनमाडच्या मधून, रेल्वे ओलांडून जाते. पुढे समिट स्टेशनच्या अंगाचा माळ, मग अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले, माथे कापल्यासारखे सपाट.

शेजारच्या आसनावरचे गृहस्थ एवढा वेळ डोळे मिटून होते. मी खिडकीला नाक लावून बसलेला पाहून त्यांनी विचारले, ‘काय दिसते जी?’

‘आमचं गाव. लासलगाव.’

ते सरळ होऊन बसले. नागपूरच्या कळमना बाजारातले कांद्याचे व्यापारी निघाले. मालाची पाहणी करायला आमच्याकडे येऊन परत चालले होते.

‘म्हणजे कांद्यावालेच तुम्ही बी. आमच्या कळमन्याले तुमच्याकडचाच माल येते ना भाऊ. पहिले गाडी सांजच्याले निघाली तं दुसऱ्या दुपारी भेटे. आता समृद्धीनं सकाळीच उभी राह्यते.’

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. ट्रक कोपरगावकडून त्यावर चढतो आणि रात्रीतून विदर्भात उतरतो. मी विचारले, मग तुम्ही स्वतः विमानाने का?

‘मी काही गोणी आहो का? मले बाजारात सकाळी हजर राहा लागते. काल दिवसभर तुमच्या लिलावात उभा होतो, आज जेवाले घरी. हे विमान रोज असलं ना, तं आमचे चार माणसं आठवड्याले तुमच्याकडे येतीन. चार माणसं जास्त आले तं बोली वर जाते, समजलं का?’

हे मला पटले, आणि आजवर मी ते असे कोणाकडून ऐकले नव्हते. कांदा विमानाने जात नाही, पण कांदा घेणारा जाऊ-येऊ शकतो. लिलावात एक बोली लावणारा वाढला तरी ट्रॉलीवर बसलेल्या शेतकऱ्याला त्याचा फरक कळतो. गावाजवळचा विमानतळ म्हणजे हौस, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

निर्यातबंदीवर ते बराच वेळ बोलले. मी ऐकत होतो, मधेच विमान हादरत होते. मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात आणि पंख्याचे विमान जेटपेक्षा खालून जात असल्यामुळे ते जास्त जाणवतात. एक वृद्ध बाई पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरून पुटपुटत होत्या. हवाई सुंदरीने येऊन त्यांचा हात हातात घेतला आणि हादरे थांबेपर्यंत तिथेच उभी राहिली.

अजिंठ्याचे डोंगर विरळ धुक्यासारख्या धुळीतून गेले. मग वऱ्हाड. अकोल्याच्या आसपास जमीन एकदम काळी झाली, नांगरून ठेवलेली, पावसाची वाट पाहणारी. इथे शेततळ्यांचे चौकोन नाहीतच म्हणावे इतके कमी. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली ती याच काळ्या जमिनीतल्या कापसासाठी. विमानाची रेघ आणि त्या रेल्वेची रेघ अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत जवळजवळ बरोबरच चालते, मग रेल्वे वर्ध्याकडे उतरते आणि विमान सरळ जाते.

सोनेगावला उतरलो तेव्हा उड्डाणापासून सव्वा तासावर काही मिनिटे झाली होती. ओझर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, नागपूर तीनशेवर, आणि दार उघडताच तो फरक अंगावर आला. पायऱ्या उतरताना लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता. या विमानतळाबद्दल मला फार पूर्वीपासून ओढ आहे. १९४९ ते १९७३ या काळात रात्रीच्या टपालाची विमाने दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. काल टाकलेले पत्र आज हजार-दीड हजार किलोमीटरवर मिळायचे. आपल्या राज्यातल्या एका गावाने सगळ्या देशाची टपालपेटी व्हायचे काम चोवीस वर्षे केले, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवे.

खोके पट्ट्यावरून आले, सुतळी जशीच्या तशी. ताईच्या घरी पोचलो तेव्हा लासलगाव सोडून पाच तास झाले होते. त्यातला आकाशातला वेळ सव्वा तास, बाकी सगळा जमिनीवरचा: ओझरचा रस्ता, विमानतळावरचे थांबणे, सामानाची वाट, नागपूरची रिक्षा. रात्रीच्या गाडीने मनमाड धरून हेच घर गाठायला बारा-तेरा तास लागतात, पण त्यात झोप होते आणि भाडे तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात बसते. दोन्हींची गरज आहे असे माझे मत. सवड असेल तर गाडी. दवाखाना, परीक्षा, बाजार, सुतक अशी निकड असेल तर विमान. मात्र निकड वार पाहून येत नाही, म्हणून विमान रोजचे हवे. आणि लासलगाव, विंचूर, निफाड, पिंपळगावच्या लोकांसाठी विमानाच्या वेळेला धरून ओझरपर्यंत एसटीची एक गाडी हवी. जीप करून जायचे तर अर्धे भाडे तिथेच जाते. शिर्डीचा विमानतळही आम्हाला फार लांब नाही, ओझर आणि शिर्डी सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आतच आहेत. दोन विमानतळांच्या मधल्या या पट्ट्यात लाखांनी माणसे राहतात, आणि दोन्हींपैकी एकाकडेही जाणारी थेट बस त्यांना नाही.

साखरपुडा झाला. रात्री जेवणे आटोपल्यावर लग्नाच्या तारखेचा विषय निघाला. डिसेंबर धरावा असे मुलाकडच्यांचे म्हणणे होते. मी लगेच मोजायला बसलो: आमची आत्या आणि मोठे मामा विमानाने, बाकीची मंडळी मनमाडहून सेवाग्राम एक्स्प्रेसने.

दाजी म्हणाले, ‘डिसेंबर चालेल, पण हिवाळी अधिवेशनाचे आठवडे सोडून तारीख धरा. त्या दिवसांत मुंबईहून सगळं मंत्रालय इकडे येतं. गाडीचं मिळत नाही आणि विमानाचं परवडत नाही.’

‘आणि कांद्याचे मोर्चे पण तेव्हाच येतात आमच्याकडचे,’ मी म्हणालो.

‘मग तुमची अर्धी मंडळी तशीही इथेच असणार,’ ताई म्हणाली आणि तिने भिंतीवरचे कॅलेंडर काढून माझ्या पुढ्यात ठेवले.